परीक्षेच्या खोलीतला पुरुषाचा आवाज

आमचे घरमालक वैजनाथकाका यांना 'मला माहीत नाही' असं म्हणताना अजून कुणी ऐकलेलं नाही. आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी कधी येणार, हे पाणी सोडणाऱ्या माणसालाही सांगता येत नाही, काका सांगतात. ते चुकतं, ही गोष्ट वेगळी. चुकलं की काका पाण्यावरच रागावतात.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, त्यामुळे त्यांचं मत मला रोज फुकटात मिळतं.

काका एका कॉलेजच्या परीक्षा विभागात हेडक्लार्क होते आणि कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पोरांचे मोजे, कंबरेचे पट्टे, पाण्याच्या बाटलीचं लेबल, काका सगळं तपासायचे. एकदा एक नवरदेव अंगाला हळद लागल्या लागल्या पेपरला आला, तर हळदीखाली काही लिहिलंय का म्हणून काकांनी त्याचे दोन्ही हात ओल्या फडक्यानं पुसून पाहिले. खाली नुसते हातच निघाले. "आज नसंल लिहिलं," काका म्हणाले आणि त्याला आत सोडलं.

असा माणूस निवृत्त होऊन गप्प बसणार थोडाच. विद्यापीठांच्या ऑनलाइन परीक्षांवर लक्ष ठेवणाऱ्या एका कंपनीनं त्यांना घरबसल्या काम दिलं. परीक्षार्थी आपल्या घरी कॅमेऱ्यासमोर पेपर सोडवतो. कॉम्प्युटरला कुठं संशय आला की तो तेवढा तुकडा कापतो आणि काकांसारख्या तपासनिसाकडे पाठवतो. कुणी ओळखीपाळखीचा फायदा घेऊ नये म्हणून त्या तुकड्यात नाव नसतं, चेहरा आणि मागची खोली पुसट केलेली असते. तपासनिसानं बघायचं आणि शेरा मारायचा: निर्दोष, संशयास्पद किंवा परीक्षा रद्द. यातला पहिला शेरा काकांनी कधी वापरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

बाहेरची खोली त्यांचं ऑफिस झाली. कानावर ते भलेमोठे हेडफोन चढवून बसायचे. हेडफोन घातलेल्या माणसाला वाटतं सगळं जगच बहिरं आहे, त्यामुळे काकांचा मुळातला मोठा आवाज आणखी चढला. "अगं ए, चष्मा कुठंय?" ही हाक माझ्या गॅलरीतल्या तुळशीपर्यंत यायची.

ती हाक दमयंतीकाकूंसाठी असायची. काकू म्हणजे आमच्या गल्लीची सगळ्यात चांगली गोष्ट. कुणाचं सासूशी बिनसलं, कुणाच्या पोराचं अभ्यासात लक्ष लागेना, की बाया काकूंकडे जाऊन बसत. काकू मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घेत. बाई निम्मी तिथंच बरी व्हायची. मीच त्यांच्या मागं लागून एका विद्यापीठाच्या ऑनलाइन समुपदेशन पदविकेला त्यांचं नाव घालायला लावलं. जवळच्या मुलींच्या शाळेनं शब्द दिला होता की जूनपर्यंत पदविका आणा, समुपदेशकाची जागा तुमचीच. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी! काकूंनी गुलमंडीच्या बाजारातून दोन सुती साड्याही घेऊन ठेवल्या होत्या, शाळेत नेसायला. शेवटचा पेपर त्यांनी स्वयंपाकघरात बसून दिला, कारण बाहेरच्या खोलीत काका देशातली बेइमानी थांबवत बसले होते.

पेपरनंतर काही दिवसांनी मी संध्याकाळी चहाला खाली गेले, तर काका भलतेच खुशीत.

"आज एक नामी चोर पकडला," ते म्हणाले. "बाई पेपर लिहायलीय आणि पलीकडच्या खोलीतून नवरा ओरडून उत्तरं सांगायलाय! एकदा नाय, घडीघडी!"

"काय सांगत होता?" काकूंनी विचारलं.

"सांकेतिक भाषा गं. 'चष्मा कुठंय', म्हणे. की बाई मान वर न करता डावा हात करून खूण करती. मग हा म्हणतो, 'सापडला'. थोड्या वेळानं म्हणतो, 'टॉवेल कुठंय'. म्हणजे चष्मा हा पर्याय एक, टॉवेल हा पर्याय दोन. माझ्या नजरेतून सुटतंय व्हय!"

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी हळूच विचारलं, "आणि आवाज कसा होता त्याचा?"

"लई उद्धट. चिरका. असला नवरा ज्या बाईच्या पदरी पडला तिचं नशीबच फुटलं म्हणायचं."

"शेरा काय मारलात?"

"परीक्षा रद्द. पदविकाच देऊ नका म्हणून शिफारस केली."

काकूंनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "अहो," त्या म्हणाल्या, "तो आवाज तुमचा आहे."

काका मनापासून हसले. आपला आवाज भारदस्त आहे, आकाशवाणीत शोभला असता, असं त्यांनी आम्हाला ऐकवलं. माझं डोकं तापलं होतं. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि बसून राहिले. फार वाट बघावी लागली नाही.

"अगं ए, साखर कुठंय?"

साखरेचा डबा त्यांच्या पुढ्यातच होता. काकूंनी बोटानं दाखवला. मी रेकॉर्डिंग लावलं.

"हा कोण?" काकांनी विचारलं. मी पुन्हा लावलं. त्यांनी मोबाइल कानाशी धरला, मग लांब धरला, मग उलटा करून पाहिला. शेवटी त्यांचा चेहरा उतरला. "आणि तो हात?" ते म्हणाले.

काकूंनी डावा हात पुढं केला. काका त्याच्याकडे बघत राहिले. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. लग्न झाल्यापासून ज्या हातानं ह्या माणसाला चष्मा, टॉवेल, चहा, औषधाची गोळी सगळं आणून दिलं, तो हात पडद्यावर दिसला तर ह्याला तो कॉपीबहाद्दरांच्या टोळीतला वाटला!

एक मात्र मानलं पाहिजे. काकांनी तिथल्या तिथं कंपनीला कळवलं की तो आवाज आपलाच आहे आणि ती बाई आपलीच बायको. कंपनीनं घरच्याच माणसाचा तुकडा तपासल्याबद्दल त्यांना कामावरून कमी केलं आणि सगळं प्रकरण विद्यापीठाकडे पाठवलं. विद्यापीठानं ऑनलाइन सुनावणी लावली. तिथं नवऱ्यानं उत्तरं सांगितली नाहीत असं पटलं तरच पदविका, नाहीतर शाळा गेली.

मी आणि काकूंनी मिळून काकांची तयारी करून घेतली. तयारी एकाच वाक्याची होती. पेपरातलं काहीही विचारलं, तर 'मला माहीत नाही' म्हणायचं. काका आरशासमोर उभे राहायचे, 'मला मा' इथपर्यंत यायचे आणि त्यांना ठसका लागायचा.

सुनावणीला पडद्यावर रत्नमाला मॅडम होत्या, विद्यापीठाच्या चौकशी समितीच्या अध्यक्षा. चेहऱ्यावर हसू नाही, पण बाई खमकी आणि सरळ वाटली. इंटरनेट माझं असल्यामुळे मी परवानगी काढून कोपऱ्यात बसले होते.

"आवाज तुमचाच कशावरून?" मॅडमनी विचारलं. "आधी आधार कार्ड चेहऱ्याशेजारी धरा. आता लॅपटॉप फिरवून खोली दाखवा. टेबलाखालीही दाखवा."

आजवर ह्याच खेळात परीक्षार्थींना धारेवर धरणारे काका निमूटपणे वाकून टेबलाखाली लॅपटॉप फिरवू लागले. तिथं त्यांची हरवलेली चप्पल सापडली.

"आता ते वाक्य म्हणून दाखवा."

काकांनी घसा साफ केला. "अगं, ऐकतेस का, माझा चष्मा तुला कुठं दिसतो का?" इतकं मधाळ की काकू दचकून त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"हा तो आवाज नाही," मॅडम म्हणाल्या. काकांनी पुन्हा म्हटलं. आणखी गोड आलं. काकूंचा चेहरा पांढरा पडला. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. आवाज तुमचाच आहे असं लिहून, सही करून पाठवा." काकांनी खिसे चाचपले.

"अगं ए, पेन कुठंय?"

काकूंनी मान वर न करता डावा हात त्यांच्या कानाकडे केला. पेन तिथंच होतं.

"आवाज जुळला," मॅडम म्हणाल्या. "हातही जुळला. आता एवढंच ठरवायचं आहे, की तुम्हाला उत्तरं येत होती का. पेपरातला एक दीर्घोत्तरी प्रश्न विचारते. सक्रिय श्रवण म्हणजे..."

"सोपंय!" काका म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. काकूंनी टेबलाखालून त्यांना पाय मारला, पण तो चपलेला लागला.

"प्रश्न पुरा होऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "सक्रिय श्रवण म्हणजे काय, आणि त्यातल्या..."

"सांगतो ना. समोरचा बोलायलाय तोवर आपण आपलं उत्तर मनात तयार ठेवायचं. त्याला काय म्हणायचंय ते आपल्याला आधीच कळलेलं असतं, मग फिजूल वेळ कशाला घालवायचा? त्याचं वाक्य आपणच पुरं करायचं. तो रडायला लागला तर मोठ्यानं बोलायचं, म्हणजे रडण्यातून ऐकू जातं. ह्याला म्हणतात सक्रिय. नुसतं गप्प बसून ऐकतो तो निष्क्रिय."

मॅडमनी काकूंची उत्तरपत्रिका उघडली, त्याच प्रश्नाचं उत्तर वाचलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. आपला माइक चालू आहे हे विसरून त्या शेजारच्या लेखनिकाला सांगू लागल्या, "लिहा. परीक्षेच्या वेळी पती घरात हजर होते. परीक्षार्थीस त्यांची कोणतीही मदत झालेली नाही. होणं शक्यही दिसत नाही. पदविका देण्यात यावी."

काकू तोंडावर पदर धरून हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मी तर सरळ रडले.

काकांची छाती फुगली होती. "बघ," ते म्हणाले, "तू 'माहीत नाही' म्हणा म्हणत होतीस. म्हटलो असतो तर त्यांना वाटलं असतं, हा लपवायलाय. मी उत्तर दिलं म्हणून सुटलीस."

आणि गंमत म्हणजे ते अगदी खरं होतं. काकू त्यांच्यासमोर बसल्या, हनुवटी हातावर टेकवली आणि त्यांचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.