दोन शिक्के

आमच्या ओझर कॅम्पसच्या ग्रंथालयातले शिपाईकाका बोलताना टेबलावर बोटं वाजवत राहतात. मुख्य ग्रंथालयातून उसनी आणलेली पुस्तकं परत पोचवणं हे त्यांचं काम, आणि तेच त्यांच्या जिवावर येतं. “तिथं पाच-पाच प्रती धूळ खात्यात, मॅडम. आपल्या पोरांनी काय दुकानाच्या पाट्या वाचायच्या?”

काल संख्याशास्त्राचं पुस्तक परत मागणारं पत्र आलं. काकांनी माझ्यादेखत त्या पुस्तकावर, मुख्य ग्रंथालयाच्या शिक्क्याशेजारी, आमचा शिक्का ठोकला. “लिहा, आमच्याकडं नाय.”

घरातली पहिली पदवीधर मी, याच कॅम्पसची. ज्या पुस्तकावर पास झाले, त्यावरही दोन शिक्के होते. तेव्हा काही विचारलं नव्हतं. आता ग्रंथपाल म्हणून उत्तराखाली सही माझी. मी पेन उचललं, तशी त्यांची बोटं थांबली.