बिजली दीदी आणि बापूंचा मऊ ब्रेक

विद्युल्लता जगदाळेचं दुकान मध्य प्रदेशातल्या धारहून नालछ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ती फक्त ब्रेकचं काम करते. इंजिन बिघडलेली गाडी सरळ समोरच्या गॅरेजात पाठवते. तिचं लांबलचक नाव हिंदी बोलणाऱ्यांना जमत नाही, म्हणून ती सगळ्यांची 'बिजली दीदी'. देवासच्या एका कारखान्यात तिनं अकरा वर्षं दाबाचे पाइप तपासले. कारखाना बंद झाल्यावर घरचे म्हणाले, शाळेत नोकरीला लाग. "मला पाइपच कळतात," असं म्हणत तिनं माहेरी धारला येऊन शटर उघडलं.

गेल्या नोव्हेंबरात बापू मुजुमदार मोटरसायकल ढकलत तिच्याकडे आले. गणिताचे निवृत्त मास्तर, वय अडुसष्ट. मागून त्यांच्या पत्नी अक्का हेल्मेट धरून चालत होत्या.

"बेटा, आमच्या मुलानं, अजेयनं, पुण्याहून ही स्टीलच्या जाळीची ब्रेक लाइन पाठवली," बापू म्हणाले. "म्हणाला, रबरी पाइप फुगतो, ही फुगत नाही. बसवली तेव्हापासून लिव्हर लोण्यासारखा! तीन ठिकाणी दाखवली. प्रत्येक जण म्हणतो, 'भिया, हवा है,' हवा काढतो, जरा बरं वाटतं, अन् दोन दिवसांनी पुन्हा तेच."

"लग्नाला चाळीस वर्षं होतायत," अक्कांनी सांगितलं. "रविवारी मांडूला जायचंय. पण हा ब्रेक घट्ट झाल्याशिवाय मी काही मागे बसायची नाही."

विद्युल्लतानं आधी लाइनवरून कापसाचा बोळा हळूहळू फिरवला. जाळीची एखादी तार तुटली असेल तर कापूस तिथं अडकतो. कुठंच अडकला नाही. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. लाइन ताणली जात नव्हती, मडगार्डला घासतही नव्हती. शेवटी तिनं जोडावर टाल्कम पावडर शिंपडली आणि बापूंना लिव्हर जोरात दाबून धरायला सांगितलं. मिनिटभरात चाकाजवळच्या जोडाशी पावडर ओली झाली.

"हे बघा! नवी लाइन, पण तांब्याचे वायसर जुनेच. एकदा दबलेले वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत."

नवे वायसर घालून, जोड पान्यानं बेतानं आवळून तिनं ब्रेकमधली हवा काढली. बापूंनी लिव्हर दाबला. थोडा बरा, पण अजून मऊच. त्यांचा चेहरा उतरला.

विद्युल्लता मात्र खुशीत आली. ती उकिडवी बसून लाइनकडे बघत राहिली आणि एकदम हसली. "ही मोठ्या गाडीची लाइन आहे, बापू. लांब आहे म्हणून हँडलच्या वर कमान झालीय, हवा त्या कमानीत जाऊन बसते. खालून कितीही काढा, ती वर मजेत!"

तिनं बरोब्बर मापाची लाइन लावली, ती मडगार्डपासून दूर क्लिपमध्ये बसवली आणि पुन्हा हवा काढली. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खाऊ नये म्हणून लगेच पाण्यानं धुतलं. मग लिव्हर बापूंच्या नव्हे, अक्कांच्या हातात दिला.

अक्कांनी दाबला. दोन्ही हातांनी दाबला. लिव्हर दगडासारखा! "अगंबाई! आता बसते मी," म्हणत त्यांनी तिथंच हेल्मेट चढवलं. मग समोरच्या गॅरेजपर्यंत एक फेरी झाली. बापूंनी मुद्दाम तीनदा ब्रेक मारला आणि तिन्ही वेळा अक्का खिदळल्या.

"रविवारी तूही चल, तुझी स्कूटी घेऊन," उतरताना त्या म्हणाल्या. इतक्या लोकांच्या गाड्या मांडूसाठी तयार करून दिल्या, पण दुकान सोडून विद्युल्लता स्वतः कधी गेली नव्हती. रविवारी तिनं शटर उघडलंच नाही.

मांडूच्या वळणांवर ती मागून बापूंच्या ब्रेकचा लाल दिवा बघत राहिली. वर पोहोचून तिघांनी दाल आणि पानांत भाजलेले मक्याचे पानिये खाल्ले. तुपाची बोटं पुसत अक्का म्हणाल्या, "मागे बसून बसून कंटाळा आला गं. मला स्कूटी शिकवतेस का?"

बापूंना ठसका लागला. विद्युल्लतानं मात्र मंगळवारी दुपारची वेळ देऊन टाकली. आता दुकानामागच्या मैदानात सहासष्ट वर्षांच्या अक्का स्कूटी चालवतात, आणि बापू कडेला खुर्ची टाकून, घाबरत का होईना, टाळ्या वाजवतात.