चंपीला सांगितलेलं

हे मी कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, दोस्तांना नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला कावून सांगायलोय, ते मला विचारू नका. ऐकून घ्या, बस्स.

मी चित्रकथांची पुस्तकं काढतो. बारकी, चाळीस-पन्नास पानांची, लेकरं हातात घेऊन खिदळतात तसली. चित्रं माझी, शब्दही माझे — असं कव्हरावर छापलेलं असतं. ‘शब्दही’ वाचलं की आता मी पुस्तक पालथं घालतो.

पहिली दोन पुस्तकं सपशेल पडली होती. चित्रं बरी होती हो, पण माणसांच्या डोक्यावरच्या फुग्यांत मी जी भाषा घालत होतो ती कुणाची होती? ‘तू तोंड का फिरवतेस?’ असं शेळीशी कोण बोलतं? तपासणीला आलेला साहेब बोलत असेल कदाचित. पुण्याचा प्रकाशक फोनवर म्हणाला, तुमची माणसं मेलेली आहेत. मला राग आला, पण खरं होतं.

मग मी युसूफ वडगावजवळ आमच्या सुंदरमावशीकडं जायला लागलो. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. नवरा गेलेला, एक पोरगा, एक सून, आणि सात शेळ्या. आधी कैक वर्षं कोयत्यावर जायची — म्हणजे ऊसतोडीला, माजलगावकडं. आता शेळ्या सांभाळते आणि दिवसभर त्यांच्याशी बोलते. त्यातली चंपी नावाची काळी शेळी तिची खास. ‘कावून तोंड फिरवायलीस गं? लई मोठ्या घरची झालीस का? बोल की. आता कावून गप?’ असं म्हणून मावशी खरंच थांबायची. कमरेवर हात ठेवून, उत्तराची वाट बघत.

त्या थांबण्यात सगळं होतं! मला तेव्हा कळलं की हसू चित्रात नसतं. चित्रानं फक्त तोंड गंभीर ठेवायचं. बाई घरच्या बोलीत भांडते, प्रश्न विचारते, आणि पुढच्या चौकोनात काहीच लिहायचं नाही — नुसतं शेळीचं रवंथ करणारं तोंड. माणूस तिथं हसून फुटतो. तेच वाक्य शुद्ध करून घाला, कुत्रं हुंगणार नाही.

मी शर्टाच्या खिशात फोन चालू ठेवून ओट्यावर चित्रं काढत बसायचो. घरी येऊन ऐकायचं, जसंच्या तसं फुग्यात उतरवायचं. तिसरं पुस्तक धो धो चाललं. गावानं लगेच ओळखलं की ही चित्रातली बाई सुंदराच हाय. मावशीला वाचता येत नाही. शेजारची पोरगी वाचून दाखवायची आणि मावशी स्वतःवरच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. ‘लेका, माजं तोंड इकून खायलास की रं,’ म्हणायची. कौतुकानं म्हणायची हो. तिच्या बोलण्यात विष नव्हतंच कधी.

आता येतो मूळ गोष्टीवर. किती टाळू?

एका दुपारी मी गोठ्याच्या भिंतीआड बसलो होतो. मावशीला वाटलं मी पारावर गेलोय. चंपी नुकतीच व्याली होती, दोन पिल्लं. मावशी तिला गूळ घातलेली बाजरी चारत होती आणि बोलत होती — पण आवाज नेहमीचा नव्हता. ‘तुजं बरं हाय बाई चंपे. तुला कोण म्हणतंय पिशवी काढ म्हून? तू काय कोयत्यावर जातीस का?’

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या बीडकडच्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. तोडीच्या हंगामात बाईचा खाडा नको, महिन्याचं दुखणं नको, म्हणून काढून टाकलेली. तिशीही झाली नव्हती तिची. ती शेळीला सगळं सांगत होती — घरी मुतखड्याचं आपरेशन म्हणून सांगितलं, सासरच्यांना आजवर ठाऊक नाही, कारण आमच्याकडं अशा बाईला मागून ‘रिकामी’ म्हणतात. आणि शेवटी म्हणाली, ‘मालकाला ठाव व्हतं, ते गेले. आता एक शेवंताला ठाव हाय, अन् तुला.’

शेवंताकाकू म्हणजे तिची टोळीतली जोडीदारीण, आता दोन घरं सोडून राहणारी. दवाखान्यात हीच तिच्या उशाला बसली होती. दोघींचं असं होतं की एकीनं भाकरी थापली तर दुसरीच्या ताटात पडायची.

मी काय केलं? उठून गेलो? डोळ्यात पाणी आलं माझ्या? शी! मी खिशातला फोन चाचपून बघितला — नीट चालू आहे ना म्हणून.

पुढच्या पुस्तकात ते आलं. तीन चौकोन. पहिल्यात बाई आणि शेळी, ‘तुजं बरं हाय बाई.’ दुसऱ्यात पिशवीचं आणि कोयत्याचं. तिसऱ्यात शेळी रवंथ करते. रडका भाग मी कापला, कारण त्यानं लय बिघडत होती. प्रकाशक फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला. कुणीतरी लिहिलं, काय जबरदस्त काळा विनोद आहे! मी ते कौतुक बायकोला दोनदा वाचून दाखवलं. दोनदा! थू माझ्या जिंदगानीवर.

पान मोबाईलवर फिरत फिरत गावात पोचलं. एका बारशाला बाया जमल्या होत्या. मावशीला प्रत्येक बारशाला आग्रहानं बोलवायचे, ती पाळणा म्हणायची आणि मधे मधे टोले हाणायची. तिथं कुणीतरी मोठ्यानं वाचलं. बाया हसल्या. मावशीही सवयीनं हसायला लागली, म्हणे, आणि मधेच थांबली. मग एकीनं सरळ विचारलं, ‘म्हंजे सुंदरे, तुजी बी काढलीय का काय?’ तिची सून तिथंच बसली होती.

हे मला मावशीनंच सांगितलं. मी त्या आठवड्यात गेलतो, तर ती गोठ्यात न बसता घरात भिंतीला टेकून बसली होती. ओरडली नाही. एकच विचारलं, ‘तुला शेवंतानं सांगितलं ना?’

बघा, तिच्या डोक्यात हे आलंच नाही की मी चोरून ऐकलं असेल. भाचा असं करतो, हे त्या बाईला सुचलंच नाही. मला फक्त ‘न्हाई’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. बोलीभाषेचा एवढा मोठा जाणकार मी, पण हे एक वाक्य तोंडातून निघेना. आणि जे निघालं ते काय होतं? ‘जाऊ दे ना मावशे, आता कशाला कुणाचं नाव घ्यायचं.’

किती सफाईदार खोटं, नाही का? कुणाचं नाव घेतलं नाही आणि नाव लावून टाकलं. त्या वेळी भ्यालो म्हणून बोललो, असं म्हणायची सोय आहे, पण तसं नाही. मला ठाऊक होतं की खरं सांगितलं तर मावशी माझ्यापुढं परत तोंड उघडणार नाही, आणि मला अजून दोन पुस्तकं काढायची होती.

चार दिवसांनी शेवंताकाकू दारात आली. मी आत चहा पीत होतो. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, ‘सुंदरे, माज्या लेकराची आन, मी तोंडातून काढलं न्हाई.’ लेकराची आन घेतली हो तिनं! मावशीनं दार लावून घेतलं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारून प्यालो. चव अजून आठवते, आलं जास्त झालं होतं.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. दोघी एकाच नळाला वेगवेगळ्या वेळी जायच्या. बारशाला मावशी जाईनाशी झाली. सून ताट पुढं सारते, बोलत नाही. शेळ्यांशी मावशी अजून बोलते, पण कामापुरतं — हो, चल, थांब. त्यात हसण्यासारखं काही नसतं. माझी पुस्तकं अजून चालतात. लोक म्हणतात, तुम्हाला आपल्या माणसांची नाडी सापडली आहे. मी हात जोडून हसतो. त्या हसण्याचा फोटो बघितला की मला आंघोळ करावीशी वाटते.

यंदा शेवंताकाकू गेली. मी मातीला गेलो. दोन घरं सोडून राहणारी मावशी आली नाही. परतताना तिच्याकडं थांबलो. तिनं विचारलं, ‘गेलतास का?’ म्हटलं, ‘गेलतो.’ कोण कोण होतं, पोरगा लई रडला का, लुगडं कोणतं नेसवलं होतं, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. मग तिनं पदर तोंडाला लावला.

‘लई जीव होता रं माजा तिच्यावर,’ ती म्हणाली. ‘तिनं तेवढं सांगाया नको व्हतं.’

घरात दुसरं कुणी नव्हतं. सून रानात होती. काकू गेली होती, आता तिच्यासमोर उभं राहायची पाळी माझ्यावर येणार नव्हती. मावशी माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, ‘व्हय मावशे. नको व्हतं सांगाया.’