मी तिला सांगितलं होतं

आमच्या ठाण्याच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर एका खोलीत विमानाच्या नऊ खुर्च्या होत्या. खऱ्याखुऱ्या. तीन-तीनच्या तीन रांगा, पट्ट्यांसकट आणि पाठीला अडकवलेल्या जेवणाच्या ट्रेंसकट. खिडक्या तेवढ्या नव्हत्या. त्या जागी पांढरी भिंत होती आणि एसीचं गळणारं पाणी धरायला एक बादली. विमानात प्रवाशांना जे वायफाय मिळतं, त्याची यंत्रणा आम्ही एका परगावच्या कंपनीसाठी तपासायचो. म्हणजे त्या खुर्च्यांत बसून दिवसभर फोन जोडायचे, तोडायचे, सिनेमा मध्येच अडकतो का बघायचं आणि जे दिसेल ते नोंदवायचं. डबाही तिथेच खायचो. लोकांना वाटतं अशा कामात काहीतरी थरार असेल. आम्हाला पाठदुखी होती.

आम्ही म्हणजे मुख्यतः मी आणि ती. बाकीचे यायचे, वर्षभरात दुसरीकडे जायचे. मी टीमची प्रमुख. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि कामात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. हे मी तेव्हा कधी तोंडाने कबूल केलं नाही, आता करते. ठाकुर्लीच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. पुढे लग्न होऊन मी बाळकुमला टॉवरमध्ये आले, आणि वडील गेल्यावर ती आईला घेऊन आंबिवलीच्या एका बैठ्या घरात राहायला गेली. तिने लग्न केलं नाही. या नोकरीत तिला मीच चिकटवलं होतं, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

काम शिकवलं तेही मीच. पहिल्याच दिवशी मी तिला आमच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम सांगितला होता: जे लेखी नाही, ते झालंच नाही. कोणीही तोंडी काही सांगितलं तर 'मेल करा' म्हणायचं, मग तो साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब. तिने हे इतकं मनावर घेतलं की चहावाले काका उद्या सुट्टी आहे म्हणाले तरी ती म्हणायची, "काका, मेल करा." काकांना काही कळायचं नाही, पण तेही हसायचे.

आता थोडं त्या यंत्रणेबद्दल सांगायला हवं. विमानात साधारण तीन वेगवेगळी नेटवर्क असतात. एक प्रवाशांचं, एक केबिनमधल्या क्रूचं आणि एक वैमानिकांच्या यंत्रांचं. तिसऱ्याशी आमचा संबंध नव्हता. ते इतकं अलग ठेवलेलं असतं की फोनवरून कोणीतरी विमान खाली आणेल वगैरे गप्पा ऐकल्या की आम्हाला हसू यायचं. काळजी असायची ती पहिल्या दोन्हींमधल्या भिंतीची. पाहुण्यांना हॉलमध्ये बसवलं तर आतल्या खोलीचं कपाट सताड उघडं नसावं, इतकी साधी गोष्ट.

एका मंगळवारी डबा संपवून ती तिसऱ्या रांगेत बसली होती. कंटाळा आला की ती यंत्राच्या खोड्या काढायची. प्रवाशांच्या वायफायवरूनच तिने ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकला आणि क्रूचं पान उघडलं. वर विमानाचा नकाशा, खाली पासवर्डची चौकट. यंत्र बनवणाऱ्यांनी कारखान्यातून जो पासवर्ड घालून दिला होता, तोच तिने टाकला. कोणी बदललेलाच नव्हता. आत सगळं मांडून ठेवलेलं: कुठल्या खुर्चीवर कोण आहे, कोणाला काय आजार आहे, कुठलं मूल एकटं प्रवास करतंय. शिवाय दिव्यांची आणि घोषणेची बटणं. आमच्या खोलीत ही नावं अर्थातच खोटी भरलेली होती.

"अगं, हे बघ काय आहे," ती म्हणाली. "खऱ्या विमानात हे असं असेल तर कुठलं पोर एकटं चाललंय ते कोणीपण बघू शकतो. आणि एखाद्या टवाळाने आग लागली म्हणून घोषणा केली तर? चेंगरतील ना गं माणसं."

मी त्याच दुपारी नोंद केली, सर्वात गंभीर दर्जाची. आठवड्याने उत्तर आलं की हा दोष फक्त तुमच्या खोलीतल्या यंत्रावर आहे, प्रत्यक्ष विमानात मांडणी वेगळी आहे. नोंद बंद. मी ती पुन्हा उघडली, त्यांनी पुन्हा बंद केली. तिसऱ्या वेळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "मॅडम, खऱ्या विमानातला पुरावा असेल तर बोला. नाहीतर क्लायंटला किती पिडायचं माणसाने?" माझं डोकं फिरलं. मला माझ्या नोंदी कोणी अशा बंद केलेल्या चालत नाहीत. त्या मुलांची आणि आजारी माणसांची मला काळजी होती, हे खरंच आहे. पण त्याहून जास्त मला साहेबांचं तोंड बंद करायचं होतं.

महिन्याभराने दिल्लीला क्लायंटची मीटिंग ठरली. जायचं मला होतं, पण सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच तारखेला आलं, म्हणून मी तिचं नाव दिलं. तिचा पहिला विमानप्रवास. इतकी वर्षं विमानाच्या खुर्चीत बसून डबा खाल्लेली बाई पहिल्यांदा खऱ्या विमानात बसणार म्हणून ऑफिसात दोन दिवस चेष्टा चालली होती. तिच्या आईने अख्ख्या गल्लीत सांगितलं आणि क्लायंटसाठी बेसनाचे लाडू करून दिले. ते द्यायचे नसतात, हे आईला समजावता समजावता ती दमली आणि शेवटी डबा बॅगेत टाकला.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी खाली गेटपाशी शहाळं प्यायला गेलेलो. तिथे उभ्या उभ्या मी तिला सांगितलं. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. नसते आठवत तर बरं झालं असतं.

"तुझ्या विमानात आपलीच यंत्रणा आहे. वर गेल्यावर वायफाय जोड आणि ते पान उघडतं का बघ. उघडलं तर पासवर्ड पण टाकून बघ, नाहीतर म्हणतील नुसतं पान दिसलं म्हणून काय झालं. स्क्रीनशॉट काढ आणि बंद कर. कशाला हात लावू नकोस."

ती स्ट्रॉ तोंडातून काढून हसली. "मॅडम, मेल करा."

"अगं, असलं कोणी मेल करतं का? मी सांगतेय ना."

"बरं बाई. तू सांगतेयस ना, मग झालं."

पुढचं मला तिने नंतर सांगितलं तसं लिहिते. तिला खिडकी मिळाली होती. अर्धा तास ती ढगच बघत होती आणि मी सांगितलेलं विसरूनही गेली होती. मग आठवलं. वायफाय जोडलं, पत्ता टाकला, पान उघडलं. पासवर्ड टाकला, तोही चालला. यावेळी नावं खरी होती. तिने स्वतःची खुर्ची शोधली, तिथे तिचं नाव होतं. ती स्क्रीनशॉट काढत असताना शेजारच्या गृहस्थांनी फोनवर विमानाचा नकाशा आणि बटणं बघितली. त्यांनी क्रूला बोलावलं. क्रूमधली एक मुलगी आली, स्वतःच्या कामाचं पान एका प्रवाशाच्या फोनवर बघून पांढरीफटक पडली. ना त्या गृहस्थांची काही चूक होती, ना त्या मुलीची. मीही त्या जागी घाबरलेच असते. माझी मैत्रीण सांगायला लागली की मी हे वायफाय तपासणाऱ्या कंपनीतच काम करते, तर त्याने प्रकरण आणखी बिघडलं. उतरल्यावर सगळ्यांना बसवून ठेवलं आणि तिला एकटीला आधी खाली नेलं. माणसं फोनवर तिचे व्हिडिओ काढत होती.

ओळखपत्र बघताना एका अधिकाऱ्याने पत्ता वाचून "आंबिवली?" असं दोनदा विचारलं, मग दुसऱ्याला दाखवलं. सोनसाखळी चोरांच्या टोळ्यांमुळे हे नाव देशभरच्या पोलिसांना माहीत आहे. लाडवांचा डबा उघडून एकेक लाडू फोडून बघितला.

मला दुपारी दोनच्या सुमारास ऑफिसात कळलं. क्लायंटचा फोन साहेबांना आला, आणि साहेब त्या नऊ खुर्च्यांच्या खोलीत येऊन दारातच उभे राहिले. "तुमच्या मैत्रिणीने काय करून ठेवलंय बघा," म्हणाले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडात भेंडीची भाजी होती, हे मला आठवतं. मी घास गिळला आणि विचारलं, "काय झालं?"

दुसऱ्या दिवशी तिला सोडलं, गुन्हा नोंदवून. फोन आणि लॅपटॉप ठेवून घेतला. तिने कोणाच्या तरी फोनवरून मला फोन केला. मला वाटलं होतं की ती रडेल किंवा शिव्या देईल. ती हळू आवाजात म्हणाली, "मी काही दाबलं नाही गं. फक्त बघितलं, तू सांगितलेलंस तेवढंच. तुझं नाव नाही घेतलं मी. म्हटलं आधी तुला विचारावं. आता तू सांगशील ना त्यांना?"

"हो," मी म्हटलं. "सांगते ना."

चार दिवसांनी चौकशी समिती बसली. तीन माणसं, एक लांब टेबल, काचेतून पलीकडे बाळकुमचे टॉवर. त्यातला माझा कुठला, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही त्यांना अशी काही सूचना दिली होती का?"

मी घाबरले. दुसरं काही नाही. गुन्हा, पोलीस, दिल्लीच्या चकरा, माझ्या मुलाचं बारावीचं वर्ष, सोसायटीतली माणसं, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि तोंडातून शब्द निघाले, "लेखी काही नव्हतं."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच इतकं सहज निघालं. त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासाने टाईप केलेला कागद समोर आला. त्यात माझं वाक्य नव्हतं. त्यात लिहिलं होतं, 'टीमच्या प्रमुखांनी अशी कोणतीही सूचना दिलेली नव्हती.' वीस वर्षं कागद वाचायची सवय असलेली बाई मी, दोन वाक्यांतला फरक मला कळला नाही असं म्हणायची सोय नाही. मी तो दोनदा वाचला, पेन मागितलं आणि सही केली. घरी येऊन कुकर लावला.

तिला काढून टाकलं. पुढच्या महिन्यात क्लायंटने नवी आवृत्ती तपासायला पाठवली. पान बंद, पासवर्ड बदललेला, दोन नेटवर्कच्या मध्ये पक्की भिंत. त्यांनी सोबत दिलेल्या यादीत 'दोष कोणी शोधला' या रकान्यात माझं नाव होतं, कारण नोंद मी केली होती. साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवून माझं कौतुक केलं. मी "धन्यवाद सर" असं उत्तर पाठवलं. लेखी.

आठ महिने मी तिला भेटले नाही. दोनदा तिचा फोन आला तो घेतला नाही, मग तो यायचा थांबला. एका रविवारी सकाळी मात्र राहवेना, तेव्हा आंबिवलीला गेले. दार तिच्या आईने उघडलं. लहानपणी याच बाईने मला कित्येकदा जेवू घातलंय. "ये" म्हणाली नाही, बाजूला झाली आणि पाणी आणून ठेवलं. आत ती चार-पाच मुलांना गणित शिकवत होती. मुलांना सुट्टी दिली आणि समोर बसली.

"ते पान बंद झालं का?" हे तिने पहिलं विचारलं.

"हो."

"आणि पासवर्ड?"

"बदलला."

तिने ऑफिसात नोंद तपासताना हलवायची तशी मान हलवली. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिने हात वर केला. "ते राहू दे. वकील म्हणतात, एक ओळ पुरेल. 'मी तिला सांगितलं होतं.' खाली तुझी सही. मला नोकरी परत नकोय गं. पण गल्लीत व्हिडिओ फिरलाय. आई संध्याकाळी दारात बसायची ना बायकांसोबत, ती आता बसत नाही. बायका म्हणतात विमान पाडायला निघालेली."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"मी विचार करून सांगते," मी म्हटलं.

"मेल कर," ती म्हणाली. यावेळी हसली नाही.

त्याला आता वर्ष होईल. खुर्च्यांची खोली आहे तशीच आहे. तिच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, पण तिला मी तो नियम सांगितला नाही, जीभ रेटत नाही. दिल्लीच्या कोर्टात परवा तारीख आहे, असं तिच्या वकिलांचं पत्र आलं आहे. ते टेबलावर ठेवूनच मी हे लिहायला बसले. तिने एक ओळ मागितली होती, मी इतकं लिहिलं. ती ओळसुद्धा लिहिली, सगळ्यात वर. मग पहिल्यापासून वाचून काढलं, तर यात कोणाचंच नाव नाही. तिची बदनामी नको म्हणून नावं गाळतेय, असं मी लिहिताना स्वतःला सांगत होते. पण तिचं नाव पोलिसांच्या कागदावर आहे, गल्लीच्या तोंडी आहे. कुठेच नाही ते फक्त माझं. शेवटच्या ओळीखाली मी सहीपुरती जागा सोडली आहे. पेन हातात आहे, आणि अजून सही केलेली नाही.