मोसंबीच्या झाडावरची सीडी

कपाट आवरताना ती ओरखडलेली सीडी सापडली आणि चिकलठाण्याच्या कारखान्यातला दुष्काळी उन्हाळा आठवला. जुना प्रोग्रॅम चालवायला कॉम्प्युटरमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच चालणारा एक आभासी कॉम्प्युटर, बनवलं होतं, पण ते या सीडीवरून सुरूच होईना. सीडीच खराब समजून मी ती आमच्या फिटरला, पाचोडच्या काळेमामांना दिली. पाखरं हुसकायला ते मोसंबीच्या झाडांना सीड्या टांगत.

आठवडाभर झटल्यावर कळलं, सेटिंगमध्ये त्या व्हर्च्युअल मशीनला सीडीचा ड्राइव्ह जोडायचाच मी विसरलो होतो. ओशाळून सीडी परत मागितली. मामांनी ती सुतळीसकट आणली. मशीन लगेच चालू झालं.

"बागेला दुसरी देतो, मामा."

"नगं साहेब. पाणीच नाय, रविवारी झाडं तोडली. आता पाखरं कशाला येतेत?"

किती झाडं होती, हेसुद्धा मी विचारलं नाही. मशीन चालू झाल्याच्या खुशीत होतो.