पिवळ्या पाण्याची तक्रार

गिरणीचा संप लांबला आणि लवूची नोकरी गेली ती गेलीच. मग तो घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगराखाली आपल्या चाळीमागच्याच प्लेटिंगच्या कारखान्यात लागला. लोखंडी नळ्या क्रोमच्या टाकीत बुडवून चकचकीत करून काढायच्या. चूल पेटती राहिली म्हणून त्याची बायको वनमाला देवाचे आभार मानायची.

चाळीच्या नळाचा भरवसा नव्हता, प्यायला विहीरच. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पिवळट दिसू लागलं. भातसुद्धा पिवळा शिजायचा. पोरांच्या तोंडात फोड आले आणि शेजारची नलिनी उलट्यांनी अंथरुणाला खिळली. कारखान्याचं सांडपाणी मागच्या खड्ड्यात मुरतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं? पण चाळीतले निम्मे बाप्ये तिथेच कामाला.

वनमालाने सरकारच्या प्रदूषण मंडळाच्या कचेरीत तक्रार दिली. लवूला कळलं तेव्हा तो ताटावरून उठला.

"आपलीच भाकरी मोडतलंस गो?"

"आणि शुभाला काय पाजू? ते पिवळं पाणी?" लेक शेजारीच जेवत होती.

कचेरीतले साहेब आले, पाणी तपासायला घेऊन गेले. त्यात क्रोमियम निघालं. विहिरीवर पाटी लागली, पाणी पिऊ नये. कारखाना मात्र चालूच.

"बंद कधी करणार, साहेब?"

"बाई, कायद्याने आम्हाला कोर्टातच जावं लागतं. केस घातलीय."

तारखा पडत राहिल्या. लांबच्या नळावर हंडा मिळाला नाही की माणसं पाटीखालूनच पाणी काढायची. नलिनी उठली नाही. पावसाळ्यात ती गेली. लवूच्या नाकातून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, तर क्रोमच्या टाकीच्या वाफेने दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक.

अठ्ठ्याऐंशीत कायदा बदलला. आता साहेबांना थेट वीज तोडायचा हुकूम देता येत होता, आणि त्यांनी तो दिला. कारखान्याचं शटर खाली आलं, विहिरीवर काँक्रीटची लादी बसली.

दुसऱ्या दिवशी नळावर नलिनीच्या नवऱ्याने, सहदेवने, वनमालाचा भरलेला हंडा लाथेने उडवला.

"बायको गेली, आता कामपण घालवलंस. पी आता तुझं चांगलं पाणी!"

रांगेतली एकही बाई पुढे आली नाही. वनमालाने हंडा उचलला आणि पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली.

मालकाने वसईपलीकडे नव्या टाक्या बसवल्या. जुने कारागीर बोलावले, त्यात लवूही गेला.

"तिथे विहिरी आहेत?" तिने विचारलं.

"असतील."

ती पुन्हा कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "तो भाग आमच्याकडे येत नाही. ठाण्याला जा." ती ठाण्याला गेली आणि तिथे तक्रार देऊन आली. त्या रात्री तिने ते लवूला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढे कित्येक महिने तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.