एकच लॉगिन आणि माझी दहा मिनिटं

अख्ख्या ग्वाल्हेरात माझ्या धाकट्या जावेच्या भावाइतका संशयी माणूस दुसरा झाला नाही, आणि त्या माणसाची नोकरी मी एका बोटानं जवळजवळ घालवली होती. आज नातवंडांना हे हसत हसत सांगते, तेव्हा हसायची सोय नव्हती. मूर्खपणा एवढाच की, आमच्या कॉलेजातल्या साऱ्या कॉम्प्युटरांचा जो मुख्य सर्व्हर, त्याचं घड्याळ मी दहा मिनिटं पुढे केलं. हेतू चांगला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कुणी मेल्यानं विचारलंच नाही.

मी तेव्हा मुरारकडच्या एका खासगी कॉलेजात रेकॉर्ड विभाग सांभाळत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्या वयात बाईला वाटायला लागतं की संस्था आपल्याच खांद्यावर उभी आहे. तर ती बाई (तिला 'मी' म्हणायला मला अजून लाज वाटते) ऑफिसातलं प्रत्येक भिंतीवरचं घड्याळ स्वतः स्टुलावर चढून दहा मिनिटं पुढे लावायची. नया बाजारातल्या तिच्या घरातही सगळी घड्याळं तशीच. लोक वेळेवर येतात ते आपल्या या दहा मिनिटांमुळे, अशी तिची पक्की समजूत. लोक येत होते आपापल्या वेळेला, आणि पाठीमागे "मैडम का टाइम" म्हणून हसत होते. पण कॉम्प्युटर आले, जो तो स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ बघायला लागला, आणि बाईंची दहा मिनिटं कुणी विचारीना. तिला तो सरळसरळ अपमान वाटला.

आता जावेचे भाऊ. कॉलेजचं सगळं नेटवर्क त्यांच्याकडे, आणि करार दर वर्षी नवा. सर्व्हरच्या खोलीची किल्ली ते जानव्याला बांधत. पूर्वज दरबारात पूजा सांगायचे, यांनी जानव्याला एवढं तरी काम दिलं. त्यांच्या घरी जायचं म्हणजे परीक्षाच. बेल वाजवली की आतून आवाज येणार, "कोण?" मी म्हणायचे, "मी." "मी म्हणजे कोण?" "अहो, तुमच्या बहिणीची जाऊ!" "ते कुणीही म्हणेल. मागच्या गणपतीत कुणाचे मोदक फुटले होते?" "तुमच्याच बायकोचे! आणि तिनं ते तसेच नैवेद्याला ठेवले!" मग आत दोन कड्या निघायच्या आणि दार उघडून ते अगदी शांतपणे म्हणायचे, "या ताई. आता पटलं." उन्हात उभी राहून मी काय काय बोलले असेन ते इथं लिहीत नाही.

एकदा गोरखीजवळ एका मुंजीत पंगत बसली होती. यजमानांच्या मुलानं पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड मोठ्यानं ओरडून सांगितला. हे महाशय भरल्या ताटावरून उठले. यजमानीण रडवेली होऊन मागे धावली, तर तिला म्हणाले, "ज्या घरात पासवर्ड वरणभातासारखा वाढतात, तिथं मी जेवत नाही." जिलबी वाढायची होती अजून! दुसऱ्याच्या घरच्या मंगलकार्यात हा तमाशा, आणि वर स्वतः घरी जाऊन खिचडी खाल्ली म्हणे, समाधानानं.

ऑफिसात तर त्यांचा जाच विचारू नका. शिंक आली तरी आधी स्क्रीन बंद करायची, मग शिंकायचं. कुणी स्क्रीन उघडी सोडून उठलं की हे तिथं बसून त्या माणसाच्या नावानं प्राचार्यांना राजीनामा पाठवत. धडा म्हणून. अर्थशास्त्राच्या मॅडमनी असे तीन राजीनामे दिले, त्यातला तिसरा प्राचार्यांनी मंजूरही केला होता. त्या बिचाऱ्या भांडायला आल्या तर यांचं उत्तर ठरलेलं: "ज्याच्या नावानं उघडलं, त्यानंच केलं. मशीनला चेहरा दिसत नाही, मॅडम."

सिंगल साइन-ऑन आमच्याकडे आणलं तेही त्यांनीच. आधी परीक्षेचे फॉर्म, लायब्ररी, हजेरी, सगळ्यांचे पासवर्ड वेगळे असत आणि मी ते कॅलेंडरच्या मागे लिहीत असे. ते बघून त्यांना भोवळ यायची. मग एक दिवस सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं, "लग्नघर समजा. दारात ओळखीचा माणूस उभा आहे. तो तुम्हाला ओळखतो आणि हातात गुलाबाचं फूल देतो. मग मांडवात जा, जेवायला जा, फूल बघितलं की कुणी विचारत नाही. आपला सर्व्हर म्हणजे तो दारातला माणूस. बाकीची दारं दूर दुसऱ्या शहरात आहेत, ती फक्त फूल बघतात." मला वाटतं, या माणसानं आयुष्यात सांगितलेली ही एकच गोड गोष्ट.

त्या सोमवारी मी सर्व्हरच्या खोलीत जुनं रजिस्टर काढायला गेले. ती खोली आधी माझीच होती. माझी अलमारी अजून मागच्या भिंतीला उभी, म्हणून दुसरी किल्ली माझ्याजवळ. याबद्दल त्यांनी दोनदा लेखी तक्रार केली होती. मी रजिस्टर शोधत होते, ते कामात होते. इतक्यात त्यांच्या बायकोचा फोन आला की सासूबाई, म्हणजे यांची आई, अंगणात पाय घसरून पडल्या. ते तसेच बाहेर धावले. (म्हातारीचा पाय नुसता मुरगळला होता, काळजी नको.) आणि स्क्रीन राहिली उघडी. कोपऱ्यात वेळ दिसत होती. त्या बाईच्या मनात आलं, हीच सगळ्या घड्याळांची आई. घरच्या कॉम्प्युटरची वेळ कशी बदलायची ते नातीनं शिकवलेलंच होतं. बोट लावलं, दहा मिनिटं पुढे केली, रजिस्टर काखेत मारलं आणि संस्थेचं भलं केल्याच्या तोऱ्यात बाई निघून आली.

मंगळवारी हाहाकार. आपापला कॉम्प्युटर उघडत होता, पण त्यापुढे फॉर्म नाही, लायब्ररी नाही, हजेरी नाही. प्रत्येक दार म्हणे, तुमची ओळख मान्य नाही. परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस शुक्रवार. मुलांची गर्दी जिन्यापर्यंत. संस्थेचे सचिव खाली आले आणि सगळ्यांसमोर जावेच्या भावांना म्हणाले, "गुरुवार शाम तक। नहीं तो हम बाहर की कंपनी बुला लेंगे, आप अपना देख लीजिएगा।" म्हणजे करार संपला. घरात म्हातारी आई अंथरुणावर, मुलगा शिकतोय, आणि वय असं की दुसरीकडे कुणी घेणार नाही.

भाऊ पेटले. सगळ्यांचे पासवर्ड दोनदा बदलून घेतले. उंदरानं वायर कुरतडली असेल म्हणून पोटावर सरपटले. इतिहासाच्या सरांचा पेनड्राइव्ह जप्त केला, त्यात लग्नाचे फोटो निघाले. मला विचारलं, "ताई, पासवर्ड कुठं लिहून ठेवलात?" मी म्हटलं, "डोक्यात." तर म्हणतात, "डोक्याला कुलूप आहे?" मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांना चहा विचारला नाही. उलट व्हरांड्यात उभी राहून सगळ्यांत मोठा आवाज माझाच. "यांचं हे एक लॉगिन! आमची कॅलेंडरं बरी होती!" वेळेचा संशय कुणाला यावा? सर्व्हर पुढे गेला तसे कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर त्याच्यामागे गेले, आणि भिंतीवरची घड्याळं तर आधीपासून माझीच. सगळं कसं जुळत होतं. स्वतः भाऊ सुरक्षिततेसाठी साधा बटणांचा फोन वापरत, आणि त्याची वेळ ऑफिसच्या भिंतीवर बघून लावत.

गुरुवारी दुपारी बातमी आली की लायब्ररीच्या सरांचं लॉगिन झालं. सगळ्या कॉलेजातला सगळ्यांत आळशी माणूस! भाऊ धावले, मागोमाग आम्ही. "सर, काय केलंत?"

"कुछ नहीं किया भैया। एरर आया तो चाय पीने चला गया। आके फिर वही बटन दबाया, खुल गया।"

"चाय कितनी देर पी?"

"होंगे दस-बारह मिनट। कटिंग चाय थोड़े ही है।"

भाऊ तिथंच थबकले. सरांचा मोबाइल मागून घेतला, त्यातली वेळ बघितली. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण मला पुरलं. आमचा दारातला माणूस प्रत्येक फुलावर दहा मिनिटं पुढची वेळ घालत होता. दूरच्या दारांची घड्याळं खरी, ती म्हणत, ही वेळ अजून झालीच नाही, फूल खोटं. आम्ही दर वेळी नव्यानं लॉगिन करून नवं फूल घ्यायचो, ते पुन्हा दहा मिनिटं पुढचंच; सर जुनंच फूल धरून चहा पीत बसले, तेवढ्यात ती वेळ झाली आणि दारानं त्यांना घेतलं. पाच मिनिटांत सर्व्हरची वेळ दुरुस्त झाली, फॉर्म धडाधड भरले जाऊ लागले.

पण सचिवांना माणूस हवा होता. संध्याकाळी मीटिंग. सर्व्हरच्या नोंदीत स्पष्ट दिसत होतं: सोमवारी वेळ बदलली, आणि बदलणाऱ्याचं नाव जावेच्या भावांचं. सचिव म्हणाले, "ये आपने किया?" भाऊ ताठ बसून म्हणाले, "मेरे नाम से हुआ है, तो मैंने किया।" बस. एवढंच. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत ती बाई आपल्या बांगड्या मोजत बसली. समोरचा कपभर चहाही पिऊन संपवला. तिचा मला आजही इतका राग येतो की समोर सापडली तर दोन थोबाडीत देईन.

शेवटी उठली. "मैंने किया," म्हणाली.

तर सगळे हसले! सचिव तर फारच प्रेमानं म्हणाले, "बैठिए मैडम। आप तो ई-मेल भी छपवाकर पढ़ती हैं।" आता मात्र माझा तोल गेला. गुन्हा कबूल करायला आलेल्या बाईला तुझी गुन्ह्याची लायकी नाही म्हणायचं? मी तडक सचिवांच्या लॅपटॉपपाशी गेले आणि म्हटलं, "देखिए फिर." भाऊ ओरडले, "ताई, नको!" तोवर कोपऱ्यातली वेळ दहा मिनिटं पुढे गेली होती. प्राचार्य हळूच म्हणाले, "अरे, आता है इनको।"

भाऊंचा करार राहिला. स्क्रीन उघडी ठेवली म्हणून त्यांना ताकीद मिळाली, ती पंचवीस वर्षांतली पहिली. माझी किल्ली काढून घेतली, अलमारी जिन्याखाली गेली. ते बरोबरच झालं. आता ते मुलाकडे बंगळुरूला असतात. म्हातारी गेली, बायकोचे मोदक अजून फुटतात असं ऐकते. फोन करतात तेव्हा, स्वतःच फोन लावलेला असूनसुद्धा, आधी मलाच विचारतात की कोण बोलतंय. पूर्वी मी चिडायचे. हल्ली सगळी उत्तरं नीट देते, एखादं जास्तीचंच.

त्या संध्याकाळी मीटिंग संपल्यावर मी त्यांना स्कूटरपाशी गाठलं होतं. माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं, म्हणून भांडणच काढलं. म्हटलं, "शिंकायच्या आधी स्क्रीन बंद करणारा माणूस तुम्ही. आई पडली म्हणून इतकं भान जावं?" ते हेल्मेटचा पट्टा लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंद करायला हात गेला होता, ताई. मग बघितलं, खोलीत तुम्हीच होतात. म्हणून तशीच ठेवली."